कादंबरी आणि कॉकटेल

"सर, तुम्ही कॉकटेल घेता का हो?"

गेल्या एप्रिलमध्ये एका समितीच्या बैठकीसाठी मी पुण्याला गेलो होतो. दिवसभर प्रश्नपत्रिकांचा काथ्याकूट करून आम्ही चार-पाच प्राध्यापक संध्याकाळी दमून बसलो असताना मुंबईच्या एका तरुण सहकाऱ्याने मला हा प्रश्न विचारला. आणि तोही अगदी खालच्या आवाजात. त्याने आवाज का उतरवला हे काही माझ्या ध्यानात आले नाही. मी आपला खणखणीत स्वरात सांगून मोकळा झालो, "घेतो की! महिन्यातून दोनदा तरी. सहकुटुंब जातो आम्ही. माझी आईसुद्धा घेते. फक्त तिला जेली जरा कमी लागते."

खोलीत क्षणभर शांतता पसरली आणि मग जो हशा उसळला तो आवरायला पाच मिनिटे लागली.

वाचकहो, तुमच्यापैकी जे कोल्हापूरचे असतील त्यांना यात हसण्यासारखे काय झाले, असा प्रश्न पडेल. इतरांसाठी सांगतो. आमच्या गावात कॉकटेल म्हणजे काचेचा एक उंच पेला. त्याच्या तळाशी फळांच्या फोडी, त्यावर दोन-तीन रंगांचे आइस्क्रीम, मध्ये जेलीचे थरथरणारे तुकडे, वर काजू-बेदाणे आणि या सगळ्याच्या पोटात शिरण्यासाठी लांब दांड्याचा चमचा. परीक्षेचा निकाल लागला, पाहुणे आले, किंवा नुसताच रविवार उजाडला तरी कोल्हापूरकर मुलाबाळांसह कॉकटेल खायला निघतो. होय, खायला! जगात कॉकटेल पितात आणि आम्ही ते खातो. तांबडा-पांढरा रस्सा वाटीने पिणाऱ्या गावाला हे शोभूनच दिसते.

हशा ओसरल्यावर त्या तरुणाने मला खरी गोष्ट सांगितली. परदेशात म्हणे आता अशी हौस निघाली आहे, की जी कादंबरी वाचायला घ्यायची तिच्या स्वभावाला जुळेल असे पेय घरीच मिसळायचे आणि घोटाघोटाने दोन्ही संपवायचे. यावर पुस्तकेसुद्धा निघाली आहेत. अमेरिकेतल्या टिम फेडरली नावाच्या लेखकाने २०१३ साली काढलेल्या अशा एका पुस्तकाचे नाव तर 'टकीला मॉकिंगबर्ड'! हार्पर ली यांच्या प्रसिद्ध कादंबरीच्या नावावर ही कोटी. कोटी दिसली की मराठीच्या प्राध्यापकाचे मन पाघळलेच म्हणून समजा. परतीच्या एस.टी.त सातारा मागे पडेपर्यंत माझ्या डोक्यात दुसरा विचार नव्हता. हे आपल्याकडे का होऊ नये? दारूचे जाऊ द्या; पण सरबते, पन्ही, दुधे आणि काढे यांची आपल्या घरात काय वाण आहे?

आणि खरे सांगायचे तर ही मिसळण्याची विद्या आपल्याला परकी नाहीच. 'कॉकटेल' या शब्दाची छापील व्याख्या अमेरिकेतल्या एका वृत्तपत्रात १८०६ साली आली. दारू, साखर, पाणी आणि कडू अर्क, असे त्यात चार जिन्नस सांगितले होते. पण त्याच्या कितीतरी आधी, सतराव्या शतकातच, हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांनी 'पंच' नावाचे पेय आपलेसे केले होते. दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला असे पाच जिन्नस, म्हणून 'पंच', अशी या शब्दाची व्युत्पत्ती बहुतेक कोशकार देतात. म्हणजे त्यांचे चार आणि आपले पाच!

याहून मागे जायचे तर महाभारताच्या आदिपर्वात जावे. दैत्यांनी कचाला जाळले, त्याची राख मद्यात कालवली आणि तो पेला खुद्द गुरू शुक्राचार्यांनाच पाजला. इतके भयंकर मिश्रण जगाच्या वाङ्मयात दुसरे नसेल. त्याचा परिणाम असा, की शुद्धीवर आल्यावर शुक्राचार्यांनी ब्राह्मणांना मद्यपानच निषिद्ध केले. या शुक्राचार्यांची कन्या देवयानी पुढे आमच्या कोल्हापूरच्या वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'मध्ये अवतरली. गंमत अशी, की ती कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली तेव्हा मुंबई राज्यात १९४९ च्या कायद्याने दारूबंदी होती. शुक्राचार्यांचाच कायदा नव्याने आला होता म्हणायचा!

मे महिन्याची सुटी लागताच मी वही उघडून यादी करायला बसलो. पहिला नियम सोपा होता: जशी भूमी तसे पेय. श्री. ना. पेंडशांची 'गारंबीचा बापू' (१९५२) वाचायची ती कोकम सरबताबरोबर. कोकमाचा पाक एक भाग, पाणी चार भाग, चिमूटभर जिरेपूड आणि सैंधव. रंग डोळ्यांत भरणारा, चव आधी आंबट आणि मग गोड. कोकणातल्या माणसांशी ओळख याच क्रमाने होते. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) माणदेशातली. तिथल्या मेंढपाळांच्या वाडीवर दुष्काळ येतो आणि वाडी उठून जाते. त्या कादंबरीबरोबर मी माठातले नुसते पाणी लिहिले. शेवटची पाने वाचताना त्या पाण्याची किंमत कळते. आनंद यादवांची 'झोंबी' (१९८७) आमच्या कागलची. शाळेसाठी बापाशी आणि परिस्थितीशी झगडणाऱ्या पोराची. तिच्याबरोबर उसाचा रस घ्यावा, आलेलिंबू घातलेला. ऊस चरकातून दोन-तीनदा गेल्याशिवाय रस निघत नाही, हेही त्यात आलेच.

दुसरा नियम पृष्ठसंख्येचा. शिवाजी सावंत आजऱ्याचे. कोल्हापुरात शिक्षक होते. त्यांची 'मृत्युंजय' (१९६७) नऊ खंडांची. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण असे सहा जण ती सांगतात. असला ग्रंथ पेलायचा तर पैलवानाचा खुराक हवा. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचा आखाडा बांधला ते हे गाव. इथल्या तालमीतली थंडाई हेच 'मृत्युंजय'चे पेय.

तिसरा नियम स्वभावाचा. विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'मध्ये (१९३९) युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेल्या बोटीवर चक्रधर आणि हॅर्टा भेटतात, आणि तिला पाय ठेवायला जगात देश नाही. तिथे साखर चालणार नाही. बिनदुधाची काळी कॉफी हवी. नेमाड्यांच्या 'कोसला'बरोबर (१९६३) चहा, पण घरचा नव्हे. उधारीच्या वहीवर मांडलेला. आणि 'ययाति'? ज्याची तहान मुलाचे तारुण्य मागून घेतल्यावरही भागली नाही त्याला कोणते पेय द्यावे? मी खूप विचार करून लिहिले, ताक. जेवणाच्या शेवटी ताकभात कालवून 'पुरे' म्हणायला त्या राजाला कुणी शिकवले असते तर कादंबरीच झाली नसती.

आणि रणजित देसायांच्या 'स्वामी'बरोबर (१९६२) अर्थातच केशरी दूध. पेशव्यांची गोष्ट! चांदीचा पेला, वर बदामाचे काप. यादी पुरी झाली. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

रात्री जेवणे झाल्यावर ही यादी मी घरात वाचून दाखवली. आमची ही बँकेत काम करते आणि साडेसहाला घरी येते. तिने शेवटपर्यंत शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "यादी छान आहे. 'पण लक्षात कोण घेतो' कुठं दिसली नाही ती?"

खरेच की! हरिभाऊ आपट्यांची ती कादंबरी मी विसरलोच होतो. १८९० साली निघालेल्या 'करमणूक' या साप्ताहिकातून ती क्रमशः येत होती. वाचकाला पुढच्या घोटासाठी आठवडाभर थांबावे लागे. पण यमुनेच्या त्या कहाणीबरोबर काय द्यावे ते मला सुचेना.

"घोट गिळायचाच नाही तिथं," ही म्हणाली. "बरं, आता दुसरं विचारते. हे सगळं करणार कोण?"

"म्हणजे?"

"अहो, थंडाई घोटणार कोण? कोकमाचा पाक, केशरी दूध? जोड्या तुम्ही जुळवायच्या आणि चूल मी फुंकायची, असंच ना? मग मी वाचू कधी?"

आमची कन्या अकरावीत आहे. कोल्हापूरच्या मुली 'मी गेलो, मी आलो' असेच बोलतात. मराठीच्या प्राध्यापकाच्या घरातही व्याकरणाचे काही चालत नाही. ती मोबाइलमधून डोके न काढता म्हणाली, "बाबा, मी बनवणार नाही हां. मी पाहिजे तर पितो."

माझा स्वाभिमान जागा झाला. मी जाहीर केले, की रविवारची थंडाई मीच करणार.

रात्री बदाम भिजत घातले. माणशी आठ-दहा बदाम, चमचाभर खसखस, त्याच्या निम्मी बडीशेप, तीन-चार मिरे, दोन वेलदोडे. मिक्सरला मी हात लावणार नव्हतो; तालमीत कुठला मिक्सर? शेजारून दगडी कुंडी आणि लाकडी दांडा मिळवला. सकाळी पाट मांडून बसलो. बदाम सोलण्यातच अर्धा तास गेला. घोटायला लागलो तर खसखस सगळीकडे पळू लागली. मग दूध तापवा, निववा, गाळा. पावणेदोन तासांनी चार पेले भरले. शेजारी 'मृत्युंजय' उघडून ठेवली होती. तिचे पहिले पान अजून पहिलेच होते आणि त्यावर बदामाची साले पडली होती.

आई आपल्या खाटेवर बसून हे सगळे पाहत होती. पाहत होती म्हणजे अंदाज घेत होती. तिचे वय आता बहात्तर. मोतीबिंदू काढून झाले, पण डोळ्यांच्या पडद्याचाच विकार. माणूस ओळखू येतो, अक्षर नाही. ती हसून म्हणाली, "थंडाई हातानं घोटायची म्हणजे एक अख्खं प्रकरण जातं रे."

"प्रकरण?"

"मग! आम्ही तसंच मोजायचो. चहाला आधण ठेवलं की दीड पान. दूध तापायला तीन, म्हशीचं असलं आणि दोन लिटर असलं तर सहा. भात शिजेपर्यंत पाच. भाकरीला मात्र काही नाही. दोन्ही हात पिठात."

मी दांडा खाली ठेवला. ज्या बाईला मी आयुष्यभर स्वयंपाकघरात पाहिले ती तिथे उभ्या उभ्या काय करत होती, हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी समजत होते. घरात वाचणारे म्हणून आम्ही ओळखत होतो ते अण्णांना. त्यांची ती आरामखुर्ची, तो पिवळा दिवा, आणि खुर्चीच्या हातावर चहाचा पेला. अण्णा मागत नसत, नुसते खाकरत. पान उलटता उलटता खाकरले, की दहा मिनिटांत पेला यायचा. माझ्या मनात पुस्तकवाचनाचे चित्र म्हणून हेच कोरले गेले आहे. वर्गात 'वाचक' या विषयावर मी इतकी वर्षे बोलत आलो. तो माझा वाचक नेहमी बसलेला असे. फोडणीचा वास अंगावर घेऊन, एका हातात उलथने धरून, उभ्याने वाचणारा वाचक मला कधी दिसलाच नव्हता.

"कितीदा दूध उतू गेलंय माहीत आहे?" आई सांगू लागली. "खांडेकरांच्या पुस्तकापायी एकदा पातेलंच करपलं. तुझे अण्णा म्हणाले, लक्ष कुठं असतं? मी म्हटलं, शेजारच्या वहिनी बोलायला आल्या होत्या."

"सगळ्या कादंबऱ्या अशाच वाचल्यास?"

"वाचल्या की. अण्णा आणायचे, मी वाचायची. एक तेवढी राहिली. 'स्वामी'."

'स्वामी'! ती कादंबरी मी वर्गात दोनदा शिकवली आहे. तिच्यावर माझ्या टिपणांची वही आहे.

गोष्ट अगदी साधी होती. करवीर नगर वाचन मंदिर हे आमच्या गावाचे १८५० सालचे ग्रंथालय. अण्णा दर आठवड्याला कापडी पिशवी घेऊन तिथे जात. 'स्वामी' त्यांनी आणली, त्यांची वाचून झाली. आईची व्हायची होती. त्या आठवड्यात घरात पाहुणे होते. चहाची आधणे पुष्कळ, पण स्वयंपाकघरात माणसेही पुष्कळ. ती आजारी माधवरावांच्या थेऊरच्या मुक्कामापर्यंत पोचली होती. दुसऱ्या दिवशी ओट्यावरच्या फळीवर पुस्तक नव्हते. मुदत संपली म्हणून अण्णांनी ते परत केले होते.

"तू त्यांना सांगितलं नाहीस?"

"सांगितलं ना. पुढं काय होतं, म्हणून विचारलं. ते म्हणाले, काय व्हायचं? माधवराव गेले, रमाबाई सती गेल्या. झालं, कळलं की! मग पुन्हा कशाला आणायला लावायचं?"

तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, आणि अण्णांनाही मी बोल लावणार नाही. ते पुस्तके आणत म्हणून तर आई वाचू शकली. पण शेकडो पानांची कादंबरी त्या माणसाने एका ओळीत संपवली होती. इतिहासात ती ओळ खरीच आहे. १७७२ साली थेऊरला माधवराव राजयक्ष्म्याने वारले आणि रमाबाई सती गेल्या. पण कादंबरी काय त्या ओळीसाठी वाचतात? शेवट ठाऊक असूनही जे तिथपर्यंत चालत जायचे असते, ते चालणे आईचे राहून गेले होते. आणि आता अक्षरे पुसली होती.

ती थंडाई कशी झाली होती, मला आठवत नाही.

एक मात्र सांगितले पाहिजे. त्या रविवारनंतर माझ्या यादीत चौथा नियम आला, आणि पहिले तीन त्यापुढे फिके पडले. कादंबरीबरोबर कोणते पेय, हा प्रश्न दुय्यम आहे. ते कोणी केले आणि ते होईपर्यंत कोण वाचत बसले, हा खरा प्रश्न. फ्रान्सच्या मार्सेल प्रूस्तने १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कादंबरीत चहात बुडवलेल्या केकच्या एका तुकड्यातून सारे बालपण उभे केले. जगभरचे समीक्षक त्या चवीविषयी लिहीत आले. त्यात तो पेला निवेदकाला त्याच्या आईने दिला होता, एवढे वाक्य मी आता जरा थांबून वाचतो.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत फराळाचे डबे भरून झाले आणि हा अंक घरात आला, की एक संध्याकाळ अशी काढा. ज्या हातांनी आजवर तुमच्या पुस्तकाशेजारी पेला आणून ठेवला, त्या हातांत पुस्तक द्या आणि आधण तुम्ही ठेवा. कोकम करा, मसाल्याचे दूध करा, नुसता चहा करा. बिघडला तरी चालेल. फक्त "साखर कुठं आहे?" असे विचारायला मध्ये जाऊ नका, नाहीतर दीड पान गेले म्हणून समजा!

आमच्या घरी ती संध्याकाळ जुलैत आली. चार दिवस झड लागली होती. पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर चढत होते, आणि कॉलेजला सुटी होती. मी वाचन मंदिरातून 'स्वामी' आणली. घरात माझी एक प्रत आहे, पण तिच्या समासात माझ्या टिपणांची गर्दी. आईला ग्रंथालयाचीच प्रत हवी होती.

"केशरी दूध करतो," मी म्हणालो. "यादीत तसंच आहे."

"नको बाबा. एवढा आजारी माणूस, आणि आपण केशर घालून दूध प्यायचं? चहा कर. आलं आणि गवती चहा घालून. मी उठणार नाही हां!"

मी चहा केला. तो थोडा जास्त उकळला, पण आईने पहिला घोट घेऊन डोळे मिटले आणि म्हणाली, "आयता आहे." तिच्या तोंडून चहाची याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

मग मी पुस्तक उघडले. कुठून वाचू, असे विचारताच तिने जागा सांगितली. प्रसंग सांगितला, कोण कुठे उभे होते ते सांगितले. चाळीस वर्षांनंतर खूण घातल्यासारखी ती जागा तिला आठवत होती. मी वाचू लागलो. थोड्या वेळाने ही येऊन दाराशी टेकली, मग खाली बसली. कन्येने मोबाइल पालथा ठेवला. बाहेर पाऊस, आत थेऊर. वर्गात दोनदा शिकवलेली ती पाने. पण माझा आवाज मध्येच दाटून येत होता आणि आई मात्र अगदी स्थिर बसली होती.

दुसऱ्या चहासाठी मी मघाशी गॅसवर दूध ठेवले होते. ते साफ विसरलो. आधी वास आला, मग शेगडीवर चर्र् झाले. मी पुस्तक पालथे घालून धडपडत उठू लागलो.

आईने माझा हात धरला.

"जाऊ दे उतू," ती म्हणाली. "तू वाच."

ही उठली नाही, कन्या उठून गॅस बंद करून आली, आणि मी पुढचे पान उलटले.